ऊतींमधल्या बारीक रक्तवाहिन्या: स्लाइडवर ओळखणं, मोजणं आणि नेहमी होणारे घोटाळे

काचपट्टी

पुस्तकातली ती आकृती सगळ्यांना पाठ असते. डावीकडून लाल धमनिका (बारीक धमनी) येते, उजवीकडून निळी शिरिका (बारीक शीर) जाते, मधे केशवाहिन्यांचं (सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांचं) जाळं आणि प्रत्येक फाट्याच्या तोंडाशी स्नायूचं एक कडं. आकृती खोटी नाही, पण ती मेसेंटरीची आहे. आतड्याला धरून ठेवणारा हा पातळ पडदा जिवंत प्राण्यात काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. म्हणून सुरुवातीचं बरंच काम त्याच्यावर झालं आणि तिथलं चित्र सगळ्या शरीराचं म्हणून छापलं गेलं. हाडांना जोडलेल्या स्नायूंमध्ये तशी कडी शोधायला गेलात तर मिळत नाहीत. तिथे नियंत्रण असतं शेवटच्या धमनिकेवर, आणि तिच्यामागचा पंधरा-वीस केशवाहिन्यांचा गट एकदमच चालू किंवा बंद होतो.

प्रॅक्टिकलला ‘केशवाहिनी दाखवा’ म्हटलं की बरीच मुलं कुठल्याही रिकाम्या भोकावर पॉइंटर ठेवतात. तिथून सुरुवात करू.

आधी मापं. धमनिका १०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) आतली, भिंतीत गुळगुळीत स्नायूचे एक-दोन थर, पोकळी गोल आणि भिंत पोकळीच्या मानाने जाड. केशवाहिनीची पोकळी ५ ते १० मायक्रॉन, आणि छेदात तिला वळसा घालायला एक किंवा दोन एंडोथेलियल (वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या) पेशी पुरतात. मोजपट्टी स्लाइडवरच असते, ती म्हणजे लाल पेशी. रक्तात ती साधारण ७.५ मायक्रॉनची असते, पॅराफिनमध्ये (छेद कापायला ऊती ज्या मेणात बसवतात त्यात) थोडी आकसते. एकच लाल पेशी कशीबशी मावते आहे असं दिसलं की केशवाहिनी. तीन-चार पेशी शेजारी-शेजारी बसल्या आहेत आणि भिंत तरीही पातळच आहे, तर ती पोस्टकॅपिलरी (केशवाहिनीच्या लगेच पुढची) शिरिका, १० ते ३० मायक्रॉनची. त्यापुढे ५० ते १०० मायक्रॉनची स्नायुयुक्त शिरिका. तिच्या भिंतीत स्नायू दिसतो, पण पोकळी ऐसपैस आणि बहुतेक वेळा चेपलेली असते. धमनिका आणि तिची जोडीदार शिरिका शेजारी-शेजारी धावतात, त्यामुळे एक सापडली की दुसरी तिथेच शोधा.

मुलांचा गोंधळ होतो तो पुढच्या गोष्टीने. केंद्रक सोडलं तर एंडोथेलियल पेशीची जाडी ०.२ मायक्रॉनच्या आसपास असते. प्रकाश सूक्ष्मदर्शकाची मर्यादाही तेवढीच. म्हणजे एच अँड ईवर (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या स्टेनवर) केशवाहिनीची भिंत म्हणून जे दिसतं ते बव्हंशी पोकळीत फुगलेलं केंद्रक आणि लगतचं कोलाजेन. छेद केंद्रकातून गेला नसेल तर ती केशवाहिनी नजरेतून निसटते. चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हवर फाइन फोकस हलवत राहिल्याशिवाय मोजणी करू नका.

आता प्रकार. अखंड भिंतीच्या केशवाहिन्या स्नायू, त्वचा, फुप्फुस आणि मेंदूत. खिडक्या असलेल्या केशवाहिन्या आतड्याच्या विलायमध्ये (आतल्या बोटांसारख्या उंचवट्यांत; एक असेल तर विलस), अंतःस्रावी ग्रंथींत, मूत्रपिंडात आणि कोरॉइड प्लेक्ससमध्ये (मेंदूतला द्रव बनवणाऱ्या जाळ्यात). सायनुसॉइड (रुंद, सच्छिद्र भिंतीच्या केशवाहिन्या) यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत. खिडक्या ६० ते ८० नॅनोमीटरच्या असतात, त्या साध्या सूक्ष्मदर्शकातून कुणालाच दिसत नाहीत. ‘खिडक्या दिसल्या म्हणून ओळखलं’ असं जर्नलमध्ये लिहू नका. अवयव ओळखा, प्रकार त्यावरून ठरतो.

रंग, मोजणी आणि वेगवेगळ्या अवयवांतल्या मांडणीबद्दल जाणकारांनी भर घालावी.

---

पहिलंवर्ष_एमबीबीएस

खूप उपयोगी धागा. दोन प्रश्न. ग्लोमेरुलसच्या (मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या वाहिन्यांच्या गुच्छाच्या) दोन्ही बाजूंना धमनिकाच असतात, मग त्यातल्या वाहिन्यांना केशवाहिन्या कसं म्हणायचं? आणि पोस्टकॅपिलरी शिरिकेत स्नायू नाही, भिंत केशवाहिनीसारखीच, तर तिला वेगळं काढायचं कारण काय?

---

सूक्ष्मदर्शी

दुसऱ्याचं उत्तर आधी, ते सोपं आहे. दाह होतो तेव्हा पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडतात त्या मुख्यतः पोस्टकॅपिलरी शिरिकेतून. हिस्टामिनमुळे एंडोथेलियमचे सांधे उघडतात तेही इथेच. गांधी उठते तिचं पाणी या शिरिकांतून आलेलं असतं. भिंत दिसायला सारखी असली तरी पेशींच्या पृष्ठभागावरचे रेणू वेगळे असतात. लसीका ग्रंथीच्या पॅराकॉर्टेक्समध्ये याच शिरिकेची एंडोथेलियल पेशी चपटी न राहता घनाकार होते आणि लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तिथून ग्रंथीत शिरतात. परीक्षेत ही वाहिनी बरेच जण नलिका म्हणून लिहून येतात. आत लाल पेशी आणि भिंतीतून जाणारे लिम्फोसाइट दिसले की ती वाहिनीच.

ग्लोमेरुलसबद्दल: केशवाहिनी ठरते भिंतीवरून, पुढे काय जोडलंय त्यावरून नाही. भिंत एकपदरी एंडोथेलियमची, बेसमेंट मेम्ब्रेनवर (पेशींखालच्या पातळ आधार-पडद्यावर) बसलेली, म्हणून ती केशवाहिनी. बाहेर जाणारी वाहिनीसुद्धा धमनिका असल्यामुळे आतला दाब ५० मिमी पाऱ्याच्या वर राहतो. इतर ऊतींत तो सुरुवातीच्या टोकाला ३५ च्या आसपास आणि शेवटी १५ च्या आसपास असतो. गाळणी चालते ती या जादा दाबामुळे. मग तीच बाहेर गेलेली धमनिका पुन्हा फुटते आणि नलिकांभोवती दुसरं जाळं तयार करते. तिथे दाब कमी आणि प्रथिनं दाटलेली, त्यामुळे ते जाळं पाणी ओढून घेतं. एकाच रक्ताचं दोन जाळ्यांतून जाणं पिट्युटरीत आणि यकृतातही आहे, पण तिथे दोन जाळ्यांच्या मधे धमनिका नसून शिरा असते.

मांडणीचं एक उदाहरण सगळ्यांनी नीट पाहावं असं वाटतं, ते म्हणजे लहान आतड्याचा विलस. धमनिका मधोमध टोकापर्यंत सरळ चढते आणि टोकाशी फुटून कडेने, एपिथेलियमला (विलसवरच्या पेशींच्या आवरणाला) अगदी चिकटून, खाली उतरते. चढती आणि उतरती वाहिनी इतक्या जवळ असतात की ऑक्सिजन टोकाला पोचण्याआधीच आडवा निसटून उतरत्या रक्तात जातो. टोक नेहमीच ऑक्सिजनच्या कमतरतेच्या काठावर जगतं. शॉकमध्ये आतड्याचा प्रवाह घटला की सगळ्यात आधी विलसची टोकं मरतात. मांडणी माहीत असेल तर ही गोष्ट पाठ करावी लागत नाही.

---

पॅराफिन

रंगाचं मी घेतो.

नमुना ३-४ मिमी जाडीचा कापा, १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन नमुन्याच्या किमान दहापट, एक दिवस. कमी फॉर्मलिनमध्ये मधला भाग कच्चा राहतो आणि नेमकं तिथलं एंडोथेलियम सुटून पोकळीत पडतं. मग ‘रक्तवाहिनीत पेशींचा पुंजका’ असे रिपोर्ट येतात.

एच अँड ईवर पुरेसं दिसत नसेल आणि इम्युनोची (अँटिबॉडीने रंगवण्याची) सोय नसेल तर पीएएस (साखरयुक्त घटक रंगवणारा स्टेन) करा. बेसमेंट मेम्ब्रेन किरमिजी होते, आणि अखंड भिंतीच्या केशवाहिन्या, ग्लोमेरुलस, मधुमेहातली जाड झालेली भिंत हे सगळं स्पष्ट दिसतं. यकृताच्या सायनुसॉइडला मात्र पीएएसचा उपयोग नाही, कारण त्याच्या एंडोथेलियमखाली सलग बेसमेंट मेम्ब्रेनच नसते. तिथे रेटिक्युलिन (बारीक आधारतंतू दाखवणारा स्टेन) करा.

इम्युनोसाठी ३-४ मायक्रॉनचे छेद चार्ज केलेल्या स्लाइडवर, ६० अंशांवर तासभर. अँटिजेन रिट्रीव्हल (फॉर्मलिनने झाकलेले रेणू गरम करून पुन्हा उघडे करणं) ९५ ते ९८ अंशांवर २० मिनिटं, नंतर बफरसकट २० मिनिटं थंड होऊ द्या. गरम स्लाइड थेट गार पाण्यात टाकली की छेद उचकटतो. सायट्रेट पीएच ६ की ईडीटीए पीएच ९, हे अँटिबॉडीच्या पत्रकात असतं ते पाळा.

पेरॉक्साइडची पायरी अजिबात टाळू नका. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, १० मिनिटं. लाल पेशींतलं हिमोग्लोबिन स्वतःच पेरॉक्सिडेजसारखं वागतं. ही पायरी अर्धवट झाली तर डीएबीने (तपकिरी रंग देणाऱ्या रसायनाने) लाल पेशीच तपकिरी होतात, आणि केशवाहिनी पेशींनी भरलेली असल्यामुळे लांबून स्टेन झकास झाल्यासारखा वाटतो. तपकिरी रंग भिंतीत आहे की पोकळीत, हे चाळीसवर पाहा. निगेटिव्ह कंट्रोलमध्येही लाल पेशी तपकिरी असतील तर पूर्ण बॅच पुन्हा करा.

---

विदर्भी_पॅथ

पॅराफिन यांच्या पोस्टला जोडून, कुठला मार्कर (ठरावीक पेशी रंगवणारी अँटिबॉडी) कुठे फसवतो ते.

सीडी ३१ एंडोथेलियमला चांगला, पण प्लेटलेट, मॅक्रोफेज आणि प्लाझ्मा पेशींनाही लागतो. दाह असलेल्या ऊतीत सुटे तपकिरी ठिपके मोजले तर आकडा उगाच फुगतो. सीडी ३४ त्वचेतल्या फायब्रोसाइटना आणि वाहिनीभोवतीच्या जोडऊतीला लागतो. ईआरजी केंद्रकात लागतं, त्यामुळे मोजायला सगळ्यात स्वच्छ. मात्र प्रोस्टेटच्या बऱ्याच कॅन्सरमध्ये ट्यूमरच्या पेशीच ईआरजी पॉझिटिव्ह असतात, तिथे ते वापरू नका. लसीकावाहिन्या वेगळ्या काढायच्या असतील तर डी२-४० सोबत लावा, कारण सीडी ३१ त्यांनाही थोडाफार लागतो.

यकृताची गंमत वेगळी आणि उपयोगी आहे. निरोगी सायनुसॉइडचं एंडोथेलियम सीडी ३४ ला जवळपास निगेटिव्ह असतं, फक्त पोर्टल भागाच्या (यकृतात मोठ्या वाहिन्या आणि पित्तनलिका एकत्र असतात त्या भागाच्या) कडेला थोडं दिसतं. सिऱ्हॉसिस किंवा हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमामध्ये (यकृतपेशींच्या कॅन्सरमध्ये) सायनुसॉइड खिडक्या गमावतं, खाली बेसमेंट मेम्ब्रेन तयार होते आणि सीडी ३४ लागायला लागतं. बारीक सुई बायोप्सीत हा फरक मोठा आधार ठरतो. पण सगळं यकृत निगेटिव्ह आहे म्हणून स्टेन फसला असं समजून बॅच फेकू नका. त्याच स्लाइडवरच्या पोर्टल भागातल्या वाहिन्या पॉझिटिव्ह आहेत ना, एवढं बघा.

आमच्याकडे विदर्भात आणि तिकडे नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकणारा आनुवंशिक आजार) भरपूर, म्हणून एक इशारा. स्लाइडवर केशवाहिन्यांत कोयत्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या म्हणजे रुग्ण क्रायसिसमध्ये (वाहिन्या कोंदून येणाऱ्या वेदनेच्या झटक्यात) होता असं होत नाही. ऊती रक्तापासून तुटली की ऑक्सिजन संपतो आणि फॉर्मलिन पोचेपर्यंत पेशी वाकड्या होतात. हे वाहकांच्या नमुन्यातही दिसतं. वाहिनी खरोखर कोंदली होती का, हे ठरवायला भोवतालच्या ऊतीत इन्फार्क्ट (रक्ताअभावी मेलेला भाग) आहे का, फायब्रिन आहे का, एंडोथेलियम सुजलंय का, हे शोधावं लागतं. आणि कोंडी सुरू होते ती बहुतेक वेळा पोस्टकॅपिलरी शिरिकेत. चिकट झालेल्या पेशी आधी तिथल्या भिंतीला धरतात, मागून आलेल्या कडक पेशी त्यांच्यात अडकतात.

---

मायटोकॉन्ड्रिया

शरीरातल्या केशवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर लांबी १ लाख किलोमीटर, हा आकडा शाळेच्या पुस्तकांपासून प्रदर्शनांपर्यंत सगळीकडे फिरतो. तो कुठून आला आणि का टिकत नाही, ते इथे मांडतो, कारण हिशेब कागदावर करता येतो.

आकडा डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांचा. केशवाहिन्यांतला प्रवाह गरजेप्रमाणे कसा बदलतो यावरच्या कामासाठी त्यांना १९२० चं नोबेल मिळालं. त्यांनी धरलं होतं की माणसात स्नायू ५० किलो आणि आडव्या छेदात दर चौरस मिमीला २,००० केशवाहिन्या. स्नायूत केशवाहिन्या तंतूंना समांतर धावतात, म्हणून चौरस मिमीला २,००० असतील तर दर घन मिमीला २,००० मिमी लांबी येते. ५० किलो म्हणजे सुमारे ५ कोटी घन मिमी. गुणाकार केला की १०,००० कोटी मिमी, म्हणजे १ लाख किलोमीटर.

आता गृहीतकं तपासा. साध्या प्रौढ माणसात स्नायू ३० किलोच्या आसपास. मांडीच्या स्नायूत मोजणी केली तर घनता चौरस मिमीला ३०० ते ४०० येते. ३ कोटी गुणिले ४०० म्हणजे १,२०० कोटी मिमी, १२,००० किलोमीटर. हे झालं फक्त स्नायूंचं, पण इतर अवयव धरूनही लाखाच्या जवळपास जात नाही.

पडताळा रक्ताच्या आकारमानाने घ्या. ६ मायक्रॉन व्यासाच्या नळीचं छेद-क्षेत्र २८ चौरस मायक्रॉन. १२,००० किलोमीटर लांबीत साधारण ३४० मिलिलिटर रक्त मावतं. १ लाख किलोमीटर धरले तर २.८ लिटर लागेल, म्हणजे अंगातलं निम्म्याहून अधिक रक्त नुसत्या स्नायूंच्या केशवाहिन्यांत. प्रत्यक्षात सगळ्या केशवाहिन्यांत मिळून एका वेळी ५ टक्क्यांच्या आसपास रक्त असतं. ३४० मिलिलिटरसुद्धा त्याहून थोडं जास्तच निघतं, म्हणजे व्यास किंवा घनता आपण अजून सढळ हाताने धरली आहे.

क्रोग यांचं मोठेपण या आकड्यात नव्हतंच. एका केशवाहिनीने भोवतालचा किती जाडीचा स्नायू ऑक्सिजनवर पोसायचा, याचं १९१९ चं गणित त्यांचं. ते आजही सुरुवात म्हणून वापरलं जातं.

---

सूक्ष्मदर्शी

@मायटोकॉन्ड्रिया, फार छान. हृदयाचे आकडे जोडतो. हृदयाच्या स्नायूत साधारण एका तंतूमागे एक केशवाहिनी आणि घनता चौरस मिमीला २,००० च्या वर. तंतू १५ मायक्रॉनच्या आसपास, म्हणून दोन केशवाहिन्यांतलं अंतर २० मायक्रॉन भरतं. उच्च रक्तदाबाने तंतू जाड होतात, पण केशवाहिन्या त्या प्रमाणात वाढत नाहीत. धमन्या स्वच्छ असूनही आतल्या थराला ऑक्सिजन कमी पडतो, त्याचं एक कारण हे.

दुसऱ्या टोकाला कॉर्निया, डोळ्याचं भिंग, कूर्चा आणि एपिडर्मिस, जिथे एकही केशवाहिनी नाही. बहुतेक पेशी केशवाहिनीपासून १०० मायक्रॉनच्या आत असतात हा नियम सांगताना हे अपवाद सोबत सांगा. गुडघ्याच्या मेनिस्कसमध्ये (सांध्यातल्या कूर्चेच्या गादीत) तर एकाच तुकड्यात दोन्ही आहे: बाहेरच्या कडेला वाहिन्या, आतली कडा कोरडी. बाहेरची चीर टाके घालून भरून येते, आतली बहुतेक वेळा येत नाही.

---

पहिलंवर्ष_एमबीबीएस

धमनीच्या टोकाला पाणी बाहेर आणि शिरेच्या टोकाला परत आत, असं आम्ही स्टार्लिंगच्या नियमात (केशवाहिनीच्या भिंतीतून पाणी कसं ये-जा करतं त्याच्या) लिहितो. वर सूक्ष्मदर्शी म्हणतात की मूत्रपिंडातलं दुसरं जाळं पाणी ओढून घेतं. मग इतर ऊतींतही तसंच ना?

---

मायटोकॉन्ड्रिया

नाही. स्टार्लिंग यांचं १८९६ चं मूळ तत्त्व टिकलंय, शिरेच्या टोकाला परत शोषण होतं हा भाग बहुतेक ऊतींसाठी सुधारला गेलाय. एंडोथेलियमच्या आतल्या बाजूला ग्लायकोकॅलिक्स नावाचा साखर-प्रथिनांचा थर असतो. प्रथिनांची ओढ मोजायची ती या थराच्या आत आणि लगेच खाली, दूरच्या ऊतिद्रवात नव्हे. तसं मोजलं की स्थिर अवस्थेत केशवाहिनीच्या पूर्ण लांबीवर थोडं थोडं पाणी बाहेरच जात राहतं आणि ते लसीकावाहिन्या परत आणतात. मूत्रपिंडाच्या नलिकांभोवती आणि अन्न शोषणाऱ्या आतड्यात सतत शोषण चालू शकतं, कारण तिथे शेजारच्या एपिथेलियमकडून प्रथिनविरहित पाणी ओतलं जात असतं आणि ऊतिद्रवातली प्रथिनं पातळ राहतात.

परीक्षेत जुनी आकृती मागतात, ती काढा. खाली दोन ओळीत सुधारणा लिहा.

ग्लायकोकॅलिक्स तुमच्या स्लाइडवर दिसणार नाही. नेहमीच्या फिक्सेशनमध्ये तो कोसळतो किंवा धुऊन जातो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठीसुद्धा रुथेनियम रेड किंवा अल्शियन ब्लूसारखा रंग फिक्सेटिव्हमध्येच घालावा लागतो.

---

शाईची_सुई

जाळं पूर्ण पाहायचं असेल तर ४ मायक्रॉनचा छेद कामाचा नाही. वाहिनीत शाई भरून जाड छेद घ्यायचे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बोकडाच्या मूत्रपिंडावर हे होतं. खाटकाकडून ताजं, दोन तासांच्या आतलं, वरचं आवरण न सोललेलं आणि धमनीचा दोनेक सेंटिमीटर देठ ठेवलेलं मूत्रपिंड मागून घ्या. आवरण फाटलं असेल तर शाई पृष्ठभागावरून गळते आणि दाब बसत नाही.

धमनीत कॅन्युला (बारीक नळी) घालून रेशमी दोऱ्याने बांधा. आधी हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेलं ०.९ टक्के सलाइन ३७ ते ४० अंशांवर सोडा, शिरेतून स्वच्छ पाणी येईपर्यंत. इथे घाई केली की गुठळ्या राहतात आणि पुढे त्या जागी पांढरे पट्टे उरतात. मग ५ टक्के जिलेटिन ४० अंशांवर वितळवून त्यात गाळलेली कार्बनची काळी ड्रॉइंग शाई, तीन भाग जिलेटिनला एक भाग. फाउंटन पेनची शाई चालत नाही. ती विरघळलेला रंग असते, भिंतीतून झिरपते आणि सगळं मूत्रपिंड सारखंच निळं होतं. कार्बनचे कण वाहिनीतच राहतात.

दाबासाठी पंप नको. बाटली दीड मीटर उंचीवर टांगा, १०० ते ११० मिमी पाऱ्याइतका दाब मिळतो. सिरिंजने हाताने ढकलाल तर दाब कुठे जातो कळत नाही, ग्लोमेरुलस फुटतात आणि बोमनच्या पोकळीत (ग्लोमेरुलसभोवतीच्या जागेत) शाई सांडते. नळीत हवेचा एकही बुडबुडा नको, एका बुडबुड्याने एक पूर्ण फांदी रिकामी राहते. मूत्रपिंड कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवूनच भरा, नाहीतर जिलेटिन अर्ध्या वाटेत गोठतं. असं झालं की ग्लोमेरुलस काळे आणि नलिकांभोवतीचं जाळं कोरं, हे ठरलेलं चित्र दिसतं.

पृष्ठभाग एकसारखा काळा झाला की आधी शिरा, मग धमनी बांधा आणि बर्फाइतक्या गार १० टक्के फॉर्मलिनमध्ये रात्रभर. दुसऱ्या दिवशी १०० ते २०० मायक्रॉनचे छेद, अल्कोहोलने पाणी काढून मिथाइल सॅलिसिलेटमध्ये पारदर्शक करायचे. कॉर्टेक्समध्ये (बाहेरच्या भागात) काळ्या गोळ्यांसारखे ग्लोमेरुलस, मेड्युलात (आतल्या भागात) सरळ उतरणाऱ्या वासा रेक्टा या वाहिन्यांच्या जुड्या. हातातल्या भिंगानेही दिसतात.

---

नखशिख

जिवंत माणसात, सुई न टोचता केशवाहिन्या पाहायची जागा म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली त्वचेची कड. इतर त्वचेत केशवाहिनीचा फास पॅपिलात (त्वचेच्या बारीक उंचवट्यात) उभा असतो, वरून फक्त ठिपका दिसतो. नखाशी फास आडवे पडतात आणि पूर्ण आकार दिसतो.

रुग्णाला २० ते २५ अंशांच्या खोलीत १५ ते २० मिनिटं बसवा. गार हातांत फास रिकामे असतात आणि घनता खोटी कमी येते. त्या दिवशी विडी-सिगारेट नको. नेलपॉलिश आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांत क्युटिकल कापलेलं नको. अंगठे सोडून आठ बोटं. कडेवर तेलाचा एक थेंब ठेवा म्हणजे पृष्ठभागाची चमक जाते, आणि २०० पट मोठं करून पाहा. भिंग टेकवताना दाबू नका, दाबलं की फास लगेच कोरे होतात.

निरोगी प्रौढात शेवटच्या ओळीत दर मिमीला ७ किंवा जास्त फास, केसाच्या पिनेसारखे. ५० मायक्रॉनहून रुंद, सारख्या फुगलेल्या फासाला जायंट म्हणतात. रेनॉचा त्रास (गारव्याने बोटं पांढरी-निळी पडणं) असलेल्या रुग्णात असा फास दिसला तर स्क्लेरोडर्माची (त्वचा कडक करणाऱ्या आजाराची) दिशा पकडावी लागते. पुढच्या टप्प्यात फासच नाहीसे होतात आणि झुडपासारख्या फांद्या फुटतात.

आपल्याकडे दोन अडचणी कायम येतात. गडद त्वचेत फास पुसट दिसतात, हिरवा प्रकाश किंवा हिरवा फिल्टर लावला की रक्त उठून दिसतं. शेतात, धुण्याभांड्यांत किंवा बांधकामावर राबणाऱ्या हातांत बारीक मारामुळे रक्तस्रावाचे ठिपके असतात. एकाच बोटाला असतील तर त्यांवर निदान उभं करू नका. अनामिका आणि करंगळीला मार कमी आणि त्वचा पातळ, तिथलं चित्र जास्त विश्वासाचं.

---

विदर्भी_पॅथ

@शाईची_सुई, जाळं सपाट पाहायची आणखी एक पद्धत आहे, रेटिनाचं (डोळ्याच्या आतल्या पडद्याचं) ट्रिप्सिन डायजेस्ट, म्हणजे प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमने बाकी ऊती काढून टाकणं. १९६० ची कुवाबारा आणि कोगन यांची पद्धत. डोळा फॉर्मलिनमध्ये पक्का करून रेटिना सोडवायची, रात्रभर वाहत्या पाण्यात धुवायची, मग ३ टक्के ट्रिप्सिन, ट्रिस बफर पीएच ७.८, ३७ अंश, एक ते तीन तास. चेतापेशी पचून जातात, बेसमेंट मेम्ब्रेनमुळे वाहिन्यांचं जाळं उरतं. मऊ कुंचल्याने हलकेच झाडून स्लाइडवर पसरायचं, सुकवून पीएएस आणि हिमॅटॉक्सिलिन.

यात एंडोथेलियमची केंद्रकं लांबट, फिकी, वाहिनीच्या लांबीच्या दिशेने पसरलेली, आणि पेरिसाइटची (केशवाहिनीला बाहेरून धरून असणाऱ्या पेशींची) गोल, गडद, भिंतीवर बाहेरून फुगलेली दिसतात. रेटिनात दोन्ही जवळपास एकास एक. मधुमेहात पेरिसाइट आधी जातात आणि भिंतीत त्यांची रिकामी खोबण उरते. मग मायक्रोअॅन्युरिझम (भिंतीचे बारीक फुगे), आणि शेवटी दोन्ही पेशी गेलेली नुसती पीएएस पॉझिटिव्ह नळी. फॉर्मलिनमध्ये डोळा फार दिवस राहिला तर ट्रिप्सिन नीट पचवत नाही. उलट दर पंधरा मिनिटांनी पाहिलं नाही तर जाळंच तुटतं.

---

पहिलंवर्ष_एमबीबीएस

शेवटचा प्रश्न. ‘चौरस मिमीला ४००’ हे आमच्या साध्या सूक्ष्मदर्शकावर मोजायचं कसं?

---

पॅराफिन

आयपीसवर फील्ड नंबर छापलेला असतो, समजा २२. त्याला ऑब्जेक्टिव्हने भागा. ४० वर २२ भागिले ४० म्हणजे ०.५५ मिमी व्यास, क्षेत्रफळ ०.२४ चौरस मिमी. एका फील्डमध्ये ९० केशवाहिन्या मोजल्या तर चौरस मिमीला ३७५. आयपीसवर १८ असेल तर तोच हिशेब ०.१६ वर येतो, म्हणून ‘दर हाय पॉवर फील्डला इतक्या’ असं लिहिलेला आकडा दुसऱ्या सूक्ष्मदर्शकाशी ताडून पाहता येत नाही.

स्नायूसाठी पॅराफिन शक्यतो टाळा. ऊती आकसते, क्षेत्रफळ घटतं आणि घनता फुगते. द्रव नायट्रोजनमध्ये थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये गोठवून १० मायक्रॉनचे क्रायोछेद घ्या. तुकडा थेट नायट्रोजनमध्ये बुडवला तर त्याभोवती वायूचं वेष्टण तयार होतं, गोठणं मंदावतं आणि बर्फाच्या स्फटिकांनी तंतूंत भोकं पडतात. पॅराफिनच उपलब्ध असेल तर घनतेऐवजी केशवाहिन्या भागिले तंतू हे गुणोत्तर द्या, त्यावर आकसण्याचा परिणाम होत नाही.

छेद तंतूंना काटकोनात हवा. तंतू लांबट दिसत असतील तर ते फील्ड सोडा. चौकट वापरत असाल तर वरच्या आणि डाव्या कडेला टेकलेल्या वाहिन्या धरा, खालच्या आणि उजव्या कडेच्या सोडा. किमान पन्नासेक तंतू तरी मोजले जातील एवढी फील्ड घ्या, आणि फील्ड आधी दहाच्या ऑब्जेक्टिव्हवर, केशवाहिन्या नीट दिसायच्या आत निवडा.